पिस्तुलाचा परवाना काढावा का? पहलगामनंतर घरोघरी निघालेला विषय

मेधा_कर्वेनगर (धागाकर्ती)

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात दहशतवाद्यांनी २६ माणसं मारली. त्यात महाराष्ट्रातले सहा जण होते, आणि त्या सहांतले दोघे आपल्या पुण्याचे. ते दिवस शहराने कसे काढले ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मग ७ मेला ऑपरेशन सिंदूर, त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाचा सराव, आणि १० मेला शस्त्रसंधी. बातम्यांचा जोर आता ओसरला आहे. पण आमच्या सोसायटीत एक प्रश्न मागे उरला आहे आणि तो विचारणारी माणसं वाढतच आहेत: पिस्तुलाचं लायसन्स कसं काढतात?

आधी एका निवृत्त काकांनी विचारलं. मग दोन तरुण जोडप्यांनी. गेल्या आठवड्यात माझ्या नवऱ्यानेही अर्जाचा नमुना छापून आणला. तो भडक डोक्याचा माणूस नाही. त्याचं म्हणणं एवढंच आहे की उद्या कुणी बंदूक घेऊन समोर उभं राहिलं तर मुलांदेखत नुसतं हात जोडून मरायचं नाही. यावर त्याच्याशी भांडावं असं मला वाटत नाही, कारण ती भीती माझ्याही पोटात आहे.

तरीही मन तयार होत नाही. आमच्या घरात चौदा वर्षांचा मुलगा आहे, नऊ वर्षांची मुलगी आहे, सासूबाई आहेत. कुठल्या कपाटाची किल्ली कुठे असते हे चौदा वर्षांच्या मुलाला आईबापांपेक्षा जास्त माहीत असतं. आणि बैसरनला मारेकऱ्यांच्या हातात लष्करी बनावटीच्या रायफली होत्या. पुण्यातल्या कपाटातलं पिस्तूल तिथे असतं कुठून? सहलीला जाताना ते बरोबर नेणार कोण? म्हणजे ज्या प्रसंगाने आम्ही हादरलो, तिथे हे हत्यार नाही. ते असणार आहे आमच्या घरात, वर्षाचे बाराही महिने, मुलांच्या आसपास.

कायदा माहीत असणाऱ्यांनी, परवाना असणाऱ्यांनी, अर्ज करून बसलेल्यांनी लिहावं. कुठल्या पक्षाचं काय चुकलं हे कृपया या धाग्यावर नको.

---

वकील_शिवाजीनगर

मेधाताई, आधी प्रक्रिया सांगतो, कारण व्हॉट्सॲपवर बरंच चुकीचं फिरतंय.

पुणे शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात. तुम्ही पिंपरी-चिंचवडला राहत असाल तर २०१८ पासून तिथलं आयुक्तालय वेगळं आहे. ग्रामीण हद्दीत अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. मूळ कायदा १९५९ चा आणि सध्याचे नियम २०१६ चे. वयाची अट २१ पूर्ण. अर्जासोबत शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला, शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि घरात हत्यार सुरक्षित ठेवण्याची सोय असल्याची हमी द्यावी लागते. मग तुमच्या हद्दीतलं पोलीस ठाणे चौकशी करतं. शेजाऱ्यांना विचारतात, जुने गुन्हे, वाद, दावे बघतात. नाकारला तर ३० दिवसांत अपील करता येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे.

आता महत्त्वाचं. 'मला भीती वाटते' हे पिस्तुलासाठी पुरेसं कारण धरत नाहीत. तुमच्या जिवाला असलेला धोका ठोस लागतो: धमक्या, त्यांच्या तक्रारी, व्यवसायाचं स्वरूप, राहण्याची जागा. आपल्याकडे शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क नाही. अमेरिकेत तो त्यांच्या राज्यघटनेत आहे, आपल्या नाही, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणात हा फरक बोलून दाखवला होता. ९ मिमीचं पिस्तूल तर विसराच, ते प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्यांना बंदी असलेल्या नळीच्या मापात येतं. सामान्य माणसाच्या वाट्याला येतं ते .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, आणि ते लाखाच्या पुढे जातं. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये खास महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर आणलं, त्याचीही किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. म्हणजे ज्या बाईला रात्री शेवटच्या बसने घरी जायचं आहे, तिच्यासाठी ते कधी नव्हतंच.

आणि परवाना मिळाला म्हणजे गोळी झाडायची मुभा मिळाली असं नाही. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पूर्वी तो भारतीय दंड संहितेत ९६ ते १०६ होता. जीव जाईल, जबर इजा होईल, बलात्कार किंवा अपहरण होईल अशी रास्त भीती असेल तर हल्लेखोराचा मृत्यू झाला तरी तो गुन्हा नाही. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ होता असं दिसलं तर हा हक्कच उरत नाही. चोर पाठ फिरवून पळत असताना मागून झाडलेली गोळी कोर्टात कशी वाचवायची, हे आम्हाला विचारा. हत्यार जप्त होतं, परवाना निलंबित होतो, आणि निकाल लागेपर्यंत तारखा चालू राहतात.

तुमचं हत्यार दुसऱ्याच्या हातात पडलं तरी तुम्ही सुटत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला एका माजी नगरसेवकाचा खून झाला. त्यात वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं. त्या अंगरक्षकालाही अटक झाली.

---

औंध_रोहित

सर, मग काश्मीरमध्ये ग्रामरक्षक गटांना सरकारच रायफली देतं ते कसं? आणि आसाम सरकारने मे अखेरीला दुर्गम, असुरक्षित भागातल्या मूळ रहिवाशांना परवाने द्यायचं ठरवलंय. तिथे चालतं, इथे का नाही? २६/११, जर्मन बेकरी, आता पहलगाम. किती वेळा थांबायचं?

---

वकील_शिवाजीनगर

डोडा किंवा राजौरीच्या डोंगरातल्या वाडीवर पोलीस पोचायला काही तास लागतात. त्या गटांना गावाच्या राखणीची नेमून दिलेली जबाबदारी असते आणि वर पोलिसांची देखरेख असते. दहशतवादाने ग्रासलेल्या भागात राहणं हा धोका २०१६ च्या नियमांतही विचारात घेतलेला आहे. कोथरूड किंवा औंध त्यात बसत नाही. आणि जर्मन बेकरीत बॉम्ब पिशवीत ठेवलेला होता. १७ जण गेले. तिथे प्रत्येक टेबलावर एकेक पिस्तूल असतं तरी कुणावर रोखलं असतं?

---

हिंजवडी_रात्रपाळी

कोथरूड-औंधचं सगळे बोलताहेत, म्हणून मी लिहिते. मी रात्री दीडला सुटते. २०२५ च्या फेब्रुवारीत स्वारगेट आगारात, उभ्या बसमध्ये, पोलीस चौकीपासून हाकेच्या अंतरावर तरुणीवर बलात्कार झाला त्यानंतर मला कुणी 'पोलिसांवर विश्वास ठेव' म्हटलं की डोक्यात तिडीक जाते. २००७ मध्ये गहुंजेला रात्रपाळीला निघालेल्या मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, ते माझ्या वयाच्या मुली विसरलेल्या नाहीत. कंपनीचीच गाडी होती, कंपनीचाच चालक होता.

मी अर्ज करायचं ठरवलं होतं. बंदुकीची हौस म्हणून नाही. बाई एकटी दिसली की तिला काहीही करता येतं असं समजणाऱ्या माणसाला एकदा तरी उलट धोका वाटावा, म्हणून. माझ्यासारख्या बायकांना घाबरट ठरवू नका आणि बंदूकवेड्याही ठरवू नका. आम्ही खूप विचार करून इथवर आलो आहोत. ज्यांना हे नको आहे त्यांनी दुसरं काय आहे ते सांगावं. नुसतं 'नको' ऐकायची माझी तयारी नाही.

---

निवृत्त_सुभेदार_खडकी

ताई, तुमचा राग शंभर टक्के बरोबर आहे. तुम्हाला उत्तर देणारच आहे, पण आधी हत्याराबद्दल सांगतो, कारण ते मी आयुष्यभर हाताळलंय. राहतोही खडकीत, जिथे १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे. आमच्या आळीत निम्म्या घरांनी काडतुसांवर भाकरी खाल्ली.

जवानाला रायफल द्यायच्या आधी महिनोन्महिने ती उघडायला, पुसायला, जोडायला लावतात. मग रेंजवर नेतात. मग पुन्हा पुन्हा नेतात. एवढं करून पहिल्यांदा खरा गोळीबार झाला की भल्याभल्यांचे हात थरथरतात, अडकलेलं काडतूस काढायचं सुचत नाही. परवाना काढणारा माणूस सुरुवातीचं प्रशिक्षण घेतो, दाखला लावतो, हत्यार घरी आणतो आणि कपाटात ठेवतो. पुढची पाच वर्षं तो किती गोळ्या झाडणार? बालेवाडीच्या रेंजवर सराव करणाऱ्या पोरांचं मला फार कौतुक आहे. तिथे सराव केलेला नेमबाज स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला तेव्हा मी पेढे वाटले. पण तिथलं लक्ष्य जागेवर उभं असतं, उजेडात असतं आणि तुमच्यावर उलटा वार करत नाही.

घरातली गोष्ट घ्या. नियमाने हत्यार कुलपात हवं. पहाटे तीनला खिडकीचा गज वाकवला जातोय. तुम्ही झोपेतून उठणार, किल्ली शोधणार, कपाट उघडणार, काडतुसं भरणार. तेवढ्यात माणूस आत आलेला असतो, आणि आता घरात एक हत्यार आहे जे तो तुमच्या हातून हिसकावू शकतो. हे टाळायचं म्हणून कुणी ते भरून उशाशी ठेवतो. मग अंधारात दाराशी जो हलतो तो चोर आहे की उशिरा आलेला मुलगा, हे एका श्वासात ठरवायचं असतं. मेधाताई, यजमानांना हा प्रश्न विचारा: कुलपात ठेवणार की उशाशी? दोन्हींपैकी एकही उत्तर मी माझ्या घरासाठी देऊ शकलो नाही, म्हणून निवृत्तीनंतर परवाना काढला नाही. सैन्यात नोकरी झालेल्या माणसाला तो मिळणं फार अवघड नव्हतं. २०२४ च्या ऑक्टोबरला मुंबईत एका नामवंत अभिनेत्याला स्वतःचंच परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना पायाला गोळी लागली. हत्यार नवखं नव्हतं, माणूसही नवखा नव्हता.

औंधच्या रोहितरावांना एवढंच सांगतो. ३० नोव्हेंबर २०२३ ला जेरुसलेमच्या बसथांब्यावर दोघांनी गोळीबार केला. रस्त्यातून जाणारा एक नागरिक गाडी थांबवून धावला आणि आपल्या परवान्याच्या पिस्तुलाने त्याने त्या हल्लेखोरांवर गोळ्या झाडल्या. मग तिथे आलेल्या सैनिकाला तोच दहशतवादी वाटला. त्याने पिस्तूल टाकलं, हात वर केले, तरी त्याला गोळ्या लागल्या आणि तो गेला. इस्रायलमध्ये सक्तीची लष्करी सेवा आहे. तिथे हे झालं. आपल्या लक्ष्मी रोडवर गर्दीत चौघांनी चार पिस्तुलं काढली तर पोलिसाने कुणाला ओळखायचं?

लढायची इच्छा आहे ना, मग होमगार्डमध्ये या, नागरी संरक्षण दलात नाव द्या. वाहतं रक्त थांबवायला शिका. गोळी लागलेला माणूस बऱ्याचदा रुग्णवाहिका येण्याआधी रक्त जाऊन मरतो. जखमेवर दाब कसा द्यायचा, मांडीला पट्टा कुठे आवळायचा हे माहीत असलेला माणूस शेजारी असला तर एक जीव वाचू शकतो. हे शिकायला परवाना लागत नाही.

---

डॅलस_अनिकेत

मूळचा सदाशिव पेठ, सध्या टेक्सास. सुभेदारकाकांना अनुमोदन, आणि इथलं थोडं.

२०२० च्या मार्चमध्ये कोविडची टाळेबंदी आली तेव्हा लोक किराणा भरत होते आणि बंदुकीच्या दुकानांबाहेरही रांगा होत्या. आधी विषाणूची भीती, मग दंगलींची, मग निवडणुकीची. एफबीआयकडे पार्श्वभूमी तपासणीच्या नोंदी २०१९ मध्ये २.८४ कोटी होत्या, २०२० मध्ये त्या ३.९७ कोटींवर गेल्या. आमच्या भागात पहिल्यांदाच बंदूक घेणाऱ्यांत भारतीय कुटुंबंही दिसायला लागली. त्याच २०२० मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४५,२२२ माणसं मेली. त्यातले निम्म्याहून जास्त, २४ हजारांवर, आत्महत्या. त्या वर्षी १ ते १९ वयोगटातल्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक ठरलं, रस्ते अपघातांच्याही पुढे.

संकट सरलं. बंदुका कुणी परत केल्या नाहीत. माझी मुलगी मित्रमैत्रिणींकडे राहायला जाते तेव्हा त्या मुलांच्या आईला फोन करून 'तुमच्या घरात बंदूक आहे का, कुलपात आहे का' हे विचारावं लागतं. पुण्यातल्या आईबापांवर हा फोन करायची वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

---

शिरूर_बागायतदार

शहरातल्या मंडळींनी एक लक्षात घ्या, गावाकडे बंदूक नवी नाही. आमच्या आजोबांकडे पीक राखायला नळीत दारू ठासायची बंदूक होती, वडिलांकडे बारा बोअर आहे. वस्ती गावापासून लांब, उसाला बिबट्या, रात्री मोटार चालू करायला एकट्याने जायचं. दरोडे पडतात ते वस्त्यांवरच पडतात.

पण खरं सांगतो, त्या बाराबोअरने आजवर कुणाला मारलेलं नाही. बिबट्यावर झाडता येत नाही, वन्यजीव कायदा आहे. निवडणूक लागली की नोटीस येते आणि हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. आमचा जीव वाचवला तो कुत्र्यांनी, वस्तीवरच्या दिव्यांनी आणि शेजारच्या वस्तीतल्या माणसांनी. एकाने हाळी दिली की दहा जण काठ्या घेऊन येतात. दिवसाच्या थ्री फेज लायटीसाठी आम्ही वर्षानुवर्षं ओरडतोय. ती मिळाली तर रात्री रानात जायलाच नको.

बांधाच्या वादात मात्र बंदुकीची आठवण सगळ्यांना आधी येते. मुळशीत शेतकऱ्यावर पिस्तूल रोखल्याची चित्रफीत २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिली. ते परवान्याचंच होतं. मला चोरापेक्षा अशा परवान्यांची जास्त भीती वाटते.

---

मनोविकार_सहकारनगर

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. अनिकेत यांनी आत्महत्यांचा उल्लेख केला, त्यावर सविस्तर लिहिते, कारण परवान्याच्या चर्चेत ही बाजू कुणी काढत नाही.

२०२२ मध्ये भारतात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, आणि राज्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात, २२,७४६. माझ्याकडे येणाऱ्या, प्रयत्नातून वाचलेल्या माणसांशी बोलताना एक गोष्ट सतत दिसते. तो क्षण फार छोटा असतो. भांडण झालं, निकाल लागला, कर्जवाल्याचा फोन आला, आणि हाताशी जे होतं ते घेतलं. औषधाच्या गोळ्या घेतलेल्या माणसाला आपण बऱ्याचदा वाचवू शकतो. वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत, ते संसार करतात, मुलांची लग्नं लावतात. हाताशी पिस्तूल असेल तर बहुतेक वेळा दवाखान्यात आणण्यासारखं काही उरत नाही.

कॅलिफोर्नियातल्या २ कोटी ६० लाखांहून अधिक प्रौढांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःचं पिस्तूल असलेल्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या जवळजवळ आठ पट होतं, आणि बायकांमध्ये ३५ पट. ही सगळी आजारी माणसं नव्हती. स्वसंरक्षणासाठी म्हणून घेतलेलं हत्यार घरात राहतं, आणि पुढच्या वीस वर्षांत त्या घरात काय काय घडेल ते कुणाला माहीत असतं? नोकरी जाणं, दारू वाढणं, दहावी-बारावीचा निकाल, नवरा-बायकोतलं टोकाचं भांडण. वैद्यकीय प्रमाणपत्र एका दिवसाचं असतं. मी स्वतः अशी प्रमाणपत्रं देते, आणि आज समोर बसलेला माणूस तीन वर्षांनी कसा असेल हे मला लिहून देता येत नाही.

मेधाताई, तुमच्या यजमानांना घाबरट म्हणू नका आणि आकडे तोंडावर फेकू नका. पहलगामनंतर बऱ्याच कर्त्या पुरुषांना झोप लागत नाही. आपण घरच्यांना वाचवू शकणार नाही ही भावना त्यांना आतून कुरतडते आहे. ती आधी ऐकून घ्या.

---

हिंजवडी_रात्रपाळी

सुभेदारकाका, कुलूप की उशी हा प्रश्न माझ्या बाबतीत 'पर्सच्या तळाशी की हातात' असा होतो. मागून कुणी धरलं तर पर्स उघडायलाही मिळणार नाही, हे मी काल रात्री गाडीत बसून करून पाहिलं. पटलं. पण राग गेलेला नाही. दुसरं काय, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

---

वकील_शिवाजीनगर

सांगतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, आणि संरक्षण व दारापर्यंत पोचवायची वाहनव्यवस्था ही मालकाची जबाबदारी आहे. 'गेटपर्यंत सोडलं' हे चालत नाही. तुमच्या कंपनीकडे लेखी मागा: चालकाची पोलीस पडताळणी झाली आहे का, गाडीत सुरक्षारक्षक कधी असतो, शेवटी उतरणारी महिला एकटी राहते का. ईमेलने मागा म्हणजे नोंद राहते. उत्तर आलं नाही तर कामगार विभागाकडे तक्रारीचा मसुदा मी करून देतो, फी नको. पाच-दहा जणींनी मिळून दिली तर जास्त बरं. मिरचीच्या फवाऱ्याला परवाना लागत नाही, तो पर्समध्ये नको, हातात किंवा किल्लीच्या जुडग्याला असू द्या. ११२ फोनमध्ये एका बटणावर लावून ठेवा.

---

हिंजवडी_रात्रपाळी

हे चालेल. आमच्या पाळीत सात जणी आहेत. विचारपूस करते, मेसेज करते.

---

मेधा_कर्वेनगर (धागाकर्ती)

सगळे प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिले. त्याने दोनदा वाचले. अर्ज अजून टेबलावरच आहे, फाडलेला नाही आणि भरलेलाही नाही. पण काल रात्री आम्ही पहिल्यांदा पहलगामबद्दल नीट बोललो. तो म्हणाला, त्या बातमीनंतर मुलांना बागेत नेतानाही त्याची नजर कोपरे शोधते. हे मला माहीतच नव्हतं. डॉक्टर, तुमचे आभार.

प्रथमोपचाराच्या वर्गासाठी सोसायटीतून अकरा नावं आली आहेत. ज्या काकांनी पहिल्यांदा लायसन्सचं विचारलं त्यांचंच नाव यादीत वरती आहे. सुभेदारकाका, रविवारी सकाळी येऊ शकाल का?

---

निवृत्त_सुभेदार_खडकी

येतो. जुन्या चादरी आणि पाच-सहा कापडी पट्टे तयार ठेवा. मुलांनाही बसवा.

---

सातारा_रोड

धाग्याला धरूनच विचारतो. वडील जानेवारीत वारले. त्यांचं बारा बोअर आणि थोडी काडतुसं घरातल्या ट्रंकेत आहेत. परवाना त्यांच्याच नावावर होता. आई म्हणते राहू दे, त्यांची आठवण आहे. काय करावं?

---

वकील_शिवाजीनगर

आधी हे करा, बाकी नंतर. परवानाधारक गेला की ते हत्यार घरात ठेवणं बेकायदा होतं, आणि ट्रंक कुणाची हे पोलीस विचारत बसत नाहीत. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे काडतुसांसकट जमा करा आणि पावती घ्या. जाताना मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला बरोबर ठेवा. बंदूक उघडी नेऊ नका, काडतुसं वेगळ्या पिशवीत घ्या, आणि निघायच्या आधी ठाण्यात फोन करून सांगा.

ठेवायचंच असेल तर २०१६ च्या नियम २५ मध्ये वारसाला परवाना मागता येतो. बाकी वारसांची ना-हरकत लागेल. ठेवायचं नसेल तर त्या विक्रेत्यामार्फत परवाना असलेल्या माणसाला विकता येतं. हे ठरवायला आईंना हवा तेवढा वेळ द्या, जमा केलेलं हत्यार तोवर सुरक्षित राहतं. पण जमा उद्याच करा.